घरी जाऊन कळवतो

मुलगी मॉडेल व्हायचं म्हणाली तेव्हा आमच्या घरात कुणी आरडाओरडा केला नाही, हे आधीच सांगून टाकते. साताऱ्याला माझ्या माहेरी अजूनही सगळ्यांना वाटतं की केला असणार. ह्यांनी हातातली इडली चटणीत बुडवली, नीट खाल्ली, पाणी प्यायलं आणि म्हणाले, "सरी."

सरी म्हणजे तमिळमध्ये बरं. आमच्या ह्यांचा अर्धा संसार त्या एका शब्दावर चाललाय. हे तंजावरकडचे मराठी. किती पिढ्यांपूर्वी इकडे आले ते त्यांनाही सांगता येत नाही, पण घरात अजून 'मज ठाऊक नाही' आणि 'तुज काय पाहिजे' असं बोलतात. लग्न होऊन आले तेव्हा मला कुणी जुनी पोथी वाचून दाखवतंय असंच वाटायचं. शिवाय राहायला आवडीला, चेन्नईच्या अलीकडच्या सरकारी क्वार्टर्समध्ये. माहेरच्यांनी गावाच्या नावावरून जी चेष्टा करायची ती वर्षभर करून घेतली. हे तिथल्याच एका सरकारी कचेरीत हिशेबाच्या खात्यात. अतिशय सज्जन माणूस. इतका सज्जन की भाजीवालीनं सडका टोमॅटो दिला तरी तिला वाईट वाटेल म्हणून घरी घेऊन येणार, आणि मग माझं डोकं सणकणार.

तर ह्यांनी सरी म्हटलं, पण अट घातली. पोंगल, म्हणजे इकडची संक्रांत, नुकता झाला होता. पुढच्या पोंगलपर्यंतचं वर्ष तुझं, तेवढ्यात काय ते कर. नाही जमलं तर इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात नोकरी. माझ्या नणंदेचे यजमान तिथे मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहेत, त्यांनी अकाउंट्समध्ये चिकटवून देतो म्हणून सांगितलं होतं. "आणि एक," हे म्हणाले. "ह्या धंद्यात फसवणारी माणसं पुष्कळ असतात असं ऐकतो. एकदा जरी फसलो, तर वर्ष तिथंच संपलं."

मुलगी लगेच कबूल झाली. बावीस वर्षांची पोर, बी.कॉम. झालेली, उंच, सावळी, नाक थेट वडिलांचं. नातेवाइकांनी त्या रंगावर नि त्या नाकावर लहानपणापासून काय काय ऐकवलंय ते मी विसरलेली नाही, आणि विसरणारही नाही. तीच पोर माझी लग्नातली साडी नेसून गच्चीवर पाण्याच्या टाकीशी उभी राहायची, मैत्रिणीकडून फोनवर फोटो काढून घ्यायची, आणि ते फोटो बघताना मलाच वाटायचं की ही कोण देखणी बाई माझ्या घरात राहते.

ते फोटो तिनं इन्स्टाग्रामवर टाकले. दोनेक महिन्यांत निरोप आला, मग फोन. एक बाई बोलत होती. आवाजात नुसती साखर. एका मोठ्या दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात करायची आहे, त्याला अगदी असाच इथला चेहरा हवा होता, मुंबईच्या गोऱ्या मुलींचा लोकांना कंटाळा आलाय, तुमची मुलगी निवडलीच म्हणून समजा. असं पोरीला हरभऱ्याच्या झाडावर चढवून झालं, आणि शेवटी म्हणाली, ऑफिसात भेटायला या, आईवडिलांना घेऊनच या.

ह्या शेवटच्या वाक्यानं आमचे हे विरघळले. "आईवडिलांना घेऊन या म्हणतात," ते मला परत परत सांगत राहिले. "घरंदाज माणसं दिसतात."

खरी चूक इथे झाली, आणि ती आमच्याच घरात होऊ शकते. ह्यांनी ते जाहिरातीचं काम म्हणून घेतलंच नाही. ह्यांच्या डोक्यात ते स्थळ झालं. राहुकाळ टाळून वेळ ठरली. सकाळी नणंद येऊन पोरीच्या वेणीत मोगरा माळून गेली. ह्यांनी कपाटातली जरीकाठी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, आणि उपरणं काढलं. आणि निघताना बघते तर हातात ताट. केळी, मोसंबी, विड्याची पानं, सुपारी, नारळ, वरून फुलं.

"अहो, आपण साखरपुड्याला निघालोय का?" मी विचारलं.

"पहिल्यांदा मोठ्या माणसांकडं जायचं, रिकाम्या हातानं कसं जायचं?" म्हणाले. मी हात जोडले. आवडीहून लोकल पकडली, आणि गाडीत सगळा वेळ हे ताट मांडीवर सांभाळत बसले होते. समोरच्या बाईनं तर मुलगा काय करतो म्हणून विचारलं.

ऑफिस नुंगमबाक्कमच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. थंडगार एसी, भिंतीवर मोठमोठे फोटो, सोफ्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत आणखी चार-पाच मुली आपापल्या आईबापांसोबत बसल्या होत्या. आमचे हे गप्प बसतील तर शपथ. त्यांनी शेजारच्या गृहस्थांशी ओळख काढली, ते कांचीपुरमहून आले होते, फोन नंबरही घेतला. मग आम्हाला आत बोलावलं. साखरेच्या आवाजाची बाई टेबलामागे बसली होती. ह्यांनी दोन्ही हातांनी ताट पुढे केलं. तिनं ते घेतलं आणि खाली जमिनीवर प्रिंटरच्या शेजारी ठेवून दिलं. मला ते मुळीच आवडलं नाही.

"जरा चालून दाखव," ती पोरीला म्हणाली. पोर चालली. "केस मोकळे सोड." सोडले. मोगरा काढून माझ्या हातात दिला. "हस. अजून. आता वळ."

बाई गं, काय सांगू. हे सगळं मी आधी बघितलं होतं. मला बघायला ही मंडळी साताऱ्याला आली होती तेव्हा मलाही असंच चालायला लावलं होतं, सुईत दोरा ओवायला लावला होता, आणि गाणं म्हणायला लावलं होतं, जे ऐकून त्यांनी पुन्हा कधी आग्रह केला नाही. माझे वडील त्या दिवशी खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. पाठ वाकलेली, हात गुडघ्यांत, आणि पाहुणे काय म्हणतील त्याला, 'तुम्ही म्हणाल तसं.' माझ्या वडिलांच्या हाताखाली शाळेत तीस मास्तर होते. त्यांना असं कुणापुढे बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पाहुणे शिरा-भजी खाऊन उठले आणि म्हणाले, घरी जाऊन कळवतो. ते कळवेपर्यंत वडिलांना धड जेवण गेलं नाही. फोन वाजला की घास हातातच राहायचा.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खुर्चीच्या कडेवर बसले होते. पाठ वाकलेली, हात गुडघ्यांत.

बाई आता अटी सांगत होती. पोर्टफोलिओ, म्हणजे फोटोंचा संच, आमच्याच फोटोग्राफरकडून काढून घ्यावा लागेल. त्याची फी आजच भरायची. हे म्हणाले, सरी. मुलीची मूळ सर्टिफिकिटं आमच्याकडे ठेवायची, काम पूर्ण झालं की परत. हे म्हणाले, सरी. चाचणी म्हणून दोन दिवस चेन्नईजवळच्या कोवलमला शूटिंग, मच्छीमारांच्या वस्तीच्या पुढे समुद्राकाठी आमचा एक बंगला आहे, तिथे मुलीनं एकटीनं यायचं, कारण पालक समोर असले की मुली मोकळेपणानं पोझ देत नाहीत.

हे एक क्षण थांबले. मला वाटलं, आता तरी. पण नाही. "सरी," म्हणाले, आणि पाकीट काढायला खिशात हात घातला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी आवाज चढवला नाही. तिथे मराठी कुणाला कळत नव्हतं, तेवढी सोय होती. मी हसऱ्या चेहऱ्यानं म्हटलं, "अहो, हात बाहेर काढा. आपण मुलीकडचे नाही."

"मग कोण?" त्यांनी खरोखरच विचारलं.

"चेहरा त्यांना हवाय ना? त्यांनीच फोन केला ना? मग मागणी त्यांची. आपली पोर काम करणार, पैसे त्यांनी द्यायचे. आपण कसली फी भरायची? आणि एकटी तर ती पलीकडच्या बाजारातसुद्धा जाणार नाही ह्या लोकांबरोबर. सांगा त्यांना, घरी जाऊन कळवतो."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवघरात चपला घालून जा म्हणून सांगितलं. ते वाक्य मुलाकडच्यांचं. ह्यांच्या खानदानात कुठल्याही मुलीच्या बापानं ते कधी उच्चारलं नसेल. चार बहिणींची लग्नं झाली ह्यांच्या, चारही वेळा हे सासऱ्यांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या मागे हात बांधून उभे होते. एवढं आयुष्य त्या बाजूला काढलेल्या माणसाला मी एका मिनिटात पलीकडे जाऊन बसायला सांगत होते.

पोर इतका वेळ खाली मान घालून उभी होती. तिला सगळं कळत होतं. हे स्थळ, म्हणजे हे काम, गेलं तर वर्षच गेलं, हेही तिला माहीत होतं, आणि वडील काय म्हणतात त्यावर तिचं सगळं अवलंबून होतं. तिनं मान वर केली आणि हळूच म्हणाली, "अप्पा, म्हणा ना."

ह्यांनी घसा खाकरला. तमिळमध्ये म्हणाले, "आम्ही घरी जाऊन कळवतो."

साखर गेली. एकदम गेली. आज नाही भरलं तर जागा जाईल, बाहेर मुली बसल्यात बघितलं ना, असं सुरू झालं. हे नुसते मान हलवत राहिले. मग ती चिडली आणि म्हणाली, "ह्या रंगाला आणि ह्या नाकाला दुसरं कोण घेणार आहे? मी दया म्हणून घेत होते."

पाच मिनिटांपूर्वी ह्याच चेहऱ्यावाचून त्यांची जाहिरात अडली होती. मी तोंड उघडणार, एवढ्यात हे उठले. वेष्टी नीट केली. त्या बाईच्या पायाशी वाकले, मला वाटलं आता नमस्कार करतात की काय. पण ह्यांनी प्रिंटरशेजारचं ताट उचललं, नारळ घरंगळत होता तो सरळ केला, आणि ताट घेऊन बाहेर पडले. दिलेलं ताट परत आणणं म्हणजे आमच्याकडे स्थळ मोडल्याची खूण. नाक ह्यांचंच आहे ना ते. ते बोलणं त्यांना लागलं होतं, आणि मला ह्या माणसाचा इतका अभिमान वाटला की जिन्यात मी त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि आवडीपर्यंत मीच धरलं.

मग ह्यांनी चौकशी केली. आणि चौकशी कशी, तर मुलाकडची माणसं करतात तशी. दुसऱ्या दिवशी रजा टाकून एकटे गेले. ऑफिसखालच्या टपरीवर चहा घेतला, वॉचमनशी बोलले. जागा महिन्याच्या बोलीवर घेतलेली, बाईचं नाव दोघांनी वेगवेगळं सांगितलं. तिथून थेट त्या दागिन्यांच्या दुकानात गेले. तिथल्या मॅनेजरनं सांगितलं, आमची अशी कुठली जाहिरात निघालेली नाही, आणि जाहिरातीतल्या मुलींना पैसे आम्ही देतो, त्यांच्याकडून घेत नाही. एवढं साधं उत्तर, आणि ते एका खेपेत मिळत होतं. ह्यांनी तिथूनच कांचीपुरमच्या गृहस्थांना फोन लावला. ते संध्याकाळी पैसे भरायला निघणार होते, ते राहिले. मग पोलिसांत जाऊन लेखी तक्रार दिली. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही, पण महिना संपायच्या आत त्या दाराला कुलूप होतं एवढं ह्यांनी जाऊन बघून ठेवलं.

पोर मात्र घरात सुतकी चेहरा करून बसली. सुकलेला मोगरा तुळशीच्या कुंडीत टाकला, माझी साडी घडी घालून कपाटात परत ठेवली. सकाळी वडिलांपुढे उभी राहून म्हणाली, "अट होती, अप्पा. फसलो तर बंद. मामांना सांगा, मी जाते कारखान्यात." नणंदेच्या यजमानांना ती मामा म्हणते, इकडची पद्धत. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ ठेवला होता तिनं. मला रडू फुटलं.

हे दाढी करत होते. अर्धा गाल साबणाचा. म्हणाले, "फसलो कुठं? बघून आलो. मज पसंत पडलं नाही. एक स्थळ पसंत पडलं नाही म्हणून लग्नच करायचं नाही, असं असते काय?" आणि उरलेला गाल करायला लागले.

माझ्या जिवात जीव आला. पोर तर तशीच त्यांना जाऊन बिलगली, साबण तिच्या केसांना लागला.

त्यानंतर मात्र हे बदलले. कुठूनही बोलावणं आलं की फोन हे घेणार. जाहिरात कुणाची? पैसे कोण देणार? फोटो कुठे कुठे लावणार? तिथे आणखी कोण असणार? हिची आई बसली तर चालेल ना? ऐकणाऱ्याला वाटावं की मुलाचा पगार विचारतायत. निम्मे लोक तिथेच फोन ठेवायचे. "बरं झालं," हे म्हणायचे, आणि पेपर उघडायचे.

जे खरे होते त्यांनी सगळी उत्तरं दिली, आणि मग पोरीला बघून बहुतेकांनी नाही म्हटलं. हे मला फार उशिरा समजलं, की खरी माणसं नाही म्हणतात. सरळ म्हणतात, आमच्या कामाला दुसरी उंची हवी, दुसरं वय हवं, पुन्हा कधी तरी. न बघता हो म्हणणारी फक्त ती एक साखरेची बाईच होती. पोर प्रत्येक नकारानंतर गाडीत खिडकीशी बसून राहायची, आणि आवडी आलं की म्हणायची, चल, पुढचं बघू. कारखान्यातल्या मामांचा महिन्याला एकदा फोन यायचा, आणि पोंगल जवळ यायला लागला.

दिवाळीच्या आधी मैलापूरच्या एका सुती साड्यांच्या दुकानानं तिला घेतलं. दुकान लहानसं, मालकीणबाई साठीच्या, स्वतःच साड्यांना पिना लावत होत्या. ह्यांच्या सगळ्या प्रश्नांची त्यांनी उत्तरं दिली, काम आणि मोबदला लिहून सही करून दिला, आणि मला बसायला स्टूल दिलं. पोर दिवसभर साड्या बदलत उभी होती. हे डब्यात दहीभात घेऊन आले होते. तिला तो खायला वेळ मिळाला नाही, तर फोटोग्राफरनंच खाल्ला. त्या फोटोग्राफरनं आमच्या पोरीला उजेडात वळवलं आणि म्हणाला, नाक असं असलं की बाजूनं फोटो फार छान येतो. ह्यांनी ऐकलं. घरी येईपर्यंत दोनदा चष्मा काढून पुसला.

त्या दुकानानं तिला पुन्हा बोलावलं. त्यांच्या ओळखीतून एका नाचाच्या कपड्यांच्या दुकानानं बोलावलं. फार मोठं काही झालं नाही, पण पोंगलला मामांना ह्यांनीच फोन करून सांगितलं, की ती जागा दुसऱ्या कुणाला द्या.

आणि मग, ह्या पोंगलनंतर, खरंच स्थळ आलं. आमच्यातलेच, बंगळूरला असतात. मुलगा बरा, फोनवर बोलायलाही बरा, पोरीनं भेटायला हरकत नाही म्हटलं होतं. मुलाचे आईवडील आणि एक काका आले. मी शिरा केला, भजी तळली, इकडे त्याला सोज्जी-बज्जी म्हणतात. चालून दाखव वगैरे कुणी म्हटलं नाही, जग तेवढं पुढे आलंय. पण खाऊन झाल्यावर मुलाची आई म्हणाली, "मुलगी चांगली आहे. फक्त ते फोटोंचं काम तेवढं लग्नानंतर बंद करावं लागेल. आमच्याकडे बरं दिसणार नाही."

पोर ताटल्या उचलत होती, ती थांबली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. समोर मुलाकडचे, घर आपलं, मुलगी आपली. ह्यांचा जन्म ह्याच जागी 'सरी' म्हणण्यात गेला होता. मी खुर्चीकडे पाहिलं. हे पाठ टेकून बसले होते.

"कुठलं काम, कुणासाठी, किती वेळ, सगळं मी बघतो," हे म्हणाले. "चांगलं काम आहे. ती ते बंद करणार नाही."

मुलाचे काका उठले, रुमालानं हात पुसले आणि म्हणाले, "बरं आहे. आम्ही घरी जाऊन कळवतो."

"जरूर," हे म्हणाले. "आम्ही घरीच आहोत. आम्हीही कळवतो."

मला माझ्या वडिलांची आठवण झाली. ते असते तर त्यांना हे वाक्य मी दोनदा ऐकवलं असतं. पाहुणे खाली उतरेपर्यंत पोर ताटल्या धरून तशीच उभी होती. हे आत आले आणि म्हणाले, भजी उरलीत का?

चार दिवसांनी बंगळूरहून फोन आला. मुलगाच बोलत होता. म्हणाला, आईशी बोलणं झालंय, कामाचं तुम्ही म्हणता तसंच राहील, तिनं ते करावं असं मलाही वाटतं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोनवर हात ठेवून पोरीला विचारलं, "तुज काय वाटते?"

पोर वेणी घालत होती. दुसऱ्या दिवशी मैलापूरला जायचं होतं तिला.

"सांगा," ती म्हणाली, "विचार करून कळवते."